चालण्याचा सल्ला आणि चालण्याचा पुरावा

शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही पेशी आणि ऊर्जा या विषयावर बोलत होतो. बोलणे संपल्यावर एका शिक्षिकेने प्रश्न विचारला. "व्यायामाने मधुमेह टळतो असे आपण मुलांना सांगतो. पण ज्याला रोग झालाच नाही, त्याला तो व्यायामामुळे झाला नाही की मुळात होणारच नव्हता, हे कसे ओळखायचे?"

प्रश्न ऐकायला साधा आहे, परंतु त्याचे समाधानकारक उत्तर मिळायला विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले. सल्ला मात्र दोन हजार वर्षे तरी जुना आहे. सल्ल्यापासून पुराव्यापर्यंतचा हा प्रवास कसा झाला, ते या लेखात पाहू.

उंबरठा म्हणजे काय?

आधी शब्दांचा अर्थ नीट समजून घेऊ. जेवणानंतर रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण वाढते. स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते आणि त्याच्या सांगण्यावरून स्नायू, यकृत व चरबीच्या पेशी ग्लुकोजचा बंदोबस्त करतात. ही व्यवस्था कितपत चालते हे पाहण्यासाठी उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. दर १०० मिलिलिटरमागे १४० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुकोज आढळले तर व्यवस्था ठीक आहे. २०० किंवा अधिक आढळले तर मधुमेह. मग १४० ते १९९ च्या मध्ये जे सापडतात त्यांचे काय?

या लोकांना पूर्वी 'सीमेवरचे', 'सुप्त' अशी निरनिराळी विशेषणे लावली जात. १९७९ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांच्या गटाने आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा स्वतंत्र वर्ग मानला व त्याला 'बिघडलेली ग्लुकोजसहनशीलता' असे नाव दिले. पुढे उपाशीपोटीच्या साखरेवरून आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीए१सी चाचणीवरूनही असे मधले वर्ग आखले गेले. या सगळ्यांना मिळून आज 'प्रीडायबेटिस' किंवा मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात.

या रेषा माणसांनी आखल्या आहेत, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. उपाशीपोटीच्या साखरेसाठी अमेरिकी मधुमेह संघटना १०० पासून पुढे उंबरठा मानते, तर जागतिक आरोग्य संघटना ११० पासून. १०५ आकडा आलेला माणूस एका नियमाने उंबरठ्यावर असतो आणि दुसऱ्या नियमाने घराबाहेर. शरीर तेच, रेषा वेगळी.

सुश्रुतापासून पॅरिसपर्यंत

सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक जन्मजात, आणि दुसरा अपथ्यामुळे होणारा. दुसऱ्या प्रकारचा रोगी स्थूल, खादाड, लोळत पडण्याची आवड असलेला असे वर्णन आहे. बळावलेल्या प्रमेहाच्या उपचारात व्यायाम, कुस्ती, खेळ, हत्ती-घोड्यावरची व पायी रपेट यांचा समावेश आहे. ज्याच्याजवळ धन नाही त्याने पादत्राणे व छत्री न घेता, भिक्षेवर राहून, मुनीप्रमाणे संयमाने शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे, किंवा विहीर खणावी, असेही सांगितले आहे. वैद्याचे निरीक्षण किती बारीक होते हे यावरून दिसते. पण निरीक्षण म्हणजे अजून पुरावा नव्हे. शंभर योजने चाललेले किती बरे झाले आणि न चाललेल्यांचे काय झाले, याची मोजदाद ग्रंथात नाही. त्या काळात जगात कोठेच तशी मोजदाद होत नसे.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये अपोलिनेर बुशार्दा हे मधुमेहाचे नामांकित वैद्य होते. १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. अन्नाची टंचाई झाली. त्या काळात आपल्या काही रोग्यांच्या लघवीतील साखर नाहीशी झाल्याचे बुशार्दांना आढळले. कमी खाणे आणि अंगमेहनत हे दोन्ही त्यांच्या उपचाराचे आधार होते. वेढ्याने जणू एक प्रयोगच घडवून आणला होता. मात्र त्यात खाणे, काम, थंडी, चिंता हे सारे एकाच वेळी बदलले होते. त्यातले नेमके कशामुळे काय झाले हे वेगळे काढता येत नव्हते.

गवत चघळणारा घोडा

वेगळे काढण्याचे काम पहिल्यांदा प्रयोगशाळेत झाले, तेही एका घोड्याच्या जबड्यावर. फ्रान्समधील ओग्युस्त शोव्हो आणि त्यांचे सहकारी कॉफमन यांनी १८८७ मध्ये एक नामी युक्ती योजली. घोड्याच्या चावण्याच्या स्नायूतून बाहेर पडणाऱ्या शिरेतील रक्त त्यांनी तपासले. घोडा स्वस्थ उभा असताना आणि गवत चघळत असताना, अशा दोन्ही वेळी. चघळू लागताच त्या शिरेतील रक्तात ग्लुकोज बरेच कमी झाले. म्हणजे काम करणारा स्नायू रक्तातील ग्लुकोज ओढून घेतो, हे सिद्ध झाले. इन्शुलिनचा शोध लागायला अजून चौतीस वर्षे होती.

१९१५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील फ्रेडरिक ॲलन यांनी कडक उपासाबरोबर रोग्यांना व्यायामही करायला लावला. सौम्य मधुमेहात व्यायामाने रक्तशर्करा उतरते, असे त्यांनी नोंदवले. १९२१ मध्ये टोरांटोत इन्शुलिन वेगळे काढण्यात आले आणि पुढच्याच वर्षी ते रोग्यांना मिळू लागले. लंडनचे डॉक्टर रॉबिन लॉरेन्स स्वतः मधुमेही होते आणि इन्शुलिनमुळेच वाचले होते. इन्शुलिन घेऊन व्यायाम केला तर त्याच मात्रेचा परिणाम वाढतो, हे त्यांनी १९२६ मध्ये दाखवले.

याची दुसरी बाजू १९४५ मध्ये पुढे आली. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या माणसांची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता घटते, असे हर्मन ब्लॉटनर यांना आढळले. म्हणजे वापरला तर स्नायू साखर घेतो, आणि न वापरला तर घ्यायचे हळूहळू विसरतो.

इतके कळल्यावर प्रश्न सुटला असे वाटेल. पण तसे नव्हते. आज चाललो तर आजची साखर उतरते, हे एक विधान. अनेक वर्षे चाललो तर मधुमेह टळतो, हे दुसरे. पहिले विधान खरे असले म्हणून दुसरे आपोआप खरे ठरत नाही. रोज पाणी उपसल्याने हौद रिकामा राहील की नाही, हे नळ किती वेगाने वाहतो आहे यावर अवलंबून असते.

विजारीची मापे

दुसऱ्या विधानाकडे जाण्याचा रस्ता किती फसवा आहे, हे हृदयविकाराच्या एका अभ्यासाने दाखवून दिले. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर दोन माणसे काम करीत. चालक दिवसभर बसून असे आणि वाहक दिवसभर जिने चढ-उतर करीत असे. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केले की, वाहकांना हृदयविकार कमी होतो. दोघे एकाच संस्थेचे नोकर, एकाच शहरात राहणारे. तुलना अगदी चोख दिसत होती.

पण मॉरिस खरे संशोधक होते. त्यांनी आपल्याच निष्कर्षावर शंका घेतली आणि बस कर्मचाऱ्यांच्या गणवेशाच्या नोंदी तपासल्या. १९५६ मध्ये त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार चालकांच्या विजारींची कंबर वाहकांपेक्षा मोठी होती, आणि हा फरक तरुण वयातही दिसत होता. मग जिन्यांमुळे वाहक निरोगी राहिले, की मुळात अंगाने सुटसुटीत असलेली माणसेच वाहक झाली? बहुधा दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या होत्या. परंतु केवळ पाहत राहून त्या वेगळ्या करता येणार नव्हत्या.

शिबिरातल्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न नेमका हाच होता. जो आपणहून व्यायाम करतो, तो इतरही अनेक बाबतींत वेगळा असतो. त्याला वेळ असतो, गुडघे धड असतात, कदाचित खाण्यावरही ताबा असतो.

स्वीडनमधील माल्मो शहरात सत्तेचाळीस ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या पुरुषांसाठी आहार व व्यायामाचा दीर्घ कार्यक्रम राबवण्यात आला. त्याचे निष्कर्ष एरिक्सन आणि लिंडयार्द यांनी १९९१ मध्ये मांडले. उंबरठ्यावरच्या ज्या पुरुषांनी कार्यक्रमात भाग घेतला, त्यांच्यापैकी सुमारे ११ टक्क्यांना पाच वर्षांत मधुमेह झाला. ज्यांनी घेतला नाही, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे २९ टक्के होते. आकडे आशा वाढवणारे होते. पण कोण भाग घेणार हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते. विजारीची शंका येथेही उरलीच.

दाचिंग

ही शंका दूर करणारा प्रयोग तोवर चीनमध्ये सुरू झाला होता. ईशान्य चीनच्या हैलुंगज्यांग प्रांतात दाचिंग नावाचे शहर आहे. तेथे १९५९ मध्ये खनिज तेल सापडले आणि तेल उद्योगाभोवती शहर उभे राहिले. १९८६ मध्ये बीजिंगचे डॉक्टर पान श्याओरेन आणि सहकाऱ्यांनी तेथील ३३ दवाखान्यांमार्फत १,१०,६६० स्त्री-पुरुषांची चाळणी केली. अमेरिकेतील पीटर बेनेट यांच्यासारख्या संशोधकांचा त्यांना सहयोग होता. चाळणीतून, आणि मग ग्लुकोज चाचणीतून, उंबरठ्यावरची ५७७ माणसे निघाली.

पुढची पायरी महत्त्वाची आहे. कोणाला कोणता सल्ला द्यायचा हे डॉक्टरांनी ठरवले नाही आणि त्या माणसांनीही ठरवले नाही. दवाखान्यांची यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, वाटणी करून चार गट केले. पहिल्या गटाला नेहमीची सर्वसाधारण माहिती, दुसऱ्याला आहाराचा सल्ला, तिसऱ्याला व्यायामाचा आणि चौथ्याला दोन्ही. चिठ्ठीला कोणाच्या विजारीचे माप ठाऊक नसते. त्यामुळे जाड-बारीक, उत्साही-आळशी, सुखी-दुःखी अशी सगळी माणसे सर्व गटांत साधारण सारखी विखुरली जातात. गटांत शेवटी जो फरक दिसेल तो सल्ल्याचा मानता येतो.

व्यायामाचे मापही मोठे व्यवहारी होते. त्यासाठी 'एकक' ठरवले होते. तीस मिनिटे सावकाश चालणे किंवा घराची झाडलोट म्हणजे एक एकक. वीस मिनिटे झपझप चालणे किंवा सायकल चालवणे म्हणजे एक एकक. दहा मिनिटे हळू धावणे, जिने चढणे किंवा टेबल टेनिस म्हणजे एक एकक. आणि पाच मिनिटे दोरीवरच्या उड्या, बास्केटबॉल किंवा पोहणे म्हणजेही एक एकक. प्रत्येकाने रोजच्या हालचालीत निदान एका एककाची भर घालायची होती. पन्नाशीच्या आतल्या धडधाकट माणसांनी शक्य तर दोनांची. यासाठी व्यायामशाळा लागत नव्हती की यंत्रे.

सहा वर्षे हे चालले. निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा वर्षांत मधुमेह झालेल्यांचे प्रमाण असे होते: सर्वसाधारण माहितीचा गट ६७.७ टक्के, आहाराचा गट ४३.८ टक्के, व्यायामाचा गट ४१.१ टक्के, आणि दोन्हींचा गट ४६.० टक्के.

हे चार आकडे फळ्यावर लिहून वर्गात चांगला तास घेता येईल. ६७.७ मधून ४१.१ वजा केले तर २६.६ उरतात. म्हणजे उंबरठ्यावरच्या शंभर माणसांनी सहा वर्षे व्यायाम केला, तर सुमारे २७ जणांचा मधुमेह त्या काळापुरता टळला. दर चारांमागे साधारण एकाचा. हेच दुसऱ्या तऱ्हेने मांडले, तर २६.६ भागिले ६७.७ म्हणजे धोका ३९ टक्क्यांनी घटला. गटांतील सुरुवातीचे वजन व उपाशीपोटीची साखर यांतला फरक हिशेबात धरल्यावर संशोधकांचा आकडा ४६ टक्के आला. वर्तमानपत्रात 'धोका निम्म्याने घटला' असे वाचले, तर शंभरातल्या कितीजणांचा, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी.

आणखी दोन गोष्टी नजरेत भरतात. व्यायामाच्या गटातल्या शंभरांमागे ४१ जणांना व्यायाम करूनही मधुमेह झालाच. त्यांना 'तुम्ही नीट केला नाही' असे म्हणणे शास्त्रालाही धरून नाही आणि माणुसकीलाही. दुसरे असे की, आहार आणि व्यायाम एकत्र केल्याने दुप्पट फायदा झाला नाही. अपेक्षेविरुद्धचा आकडाही संशोधकांनी तसाच छापला, हे चांगल्या शास्त्राचे लक्षण आहे. सडपातळ आणि जाड अशा दोन्ही प्रकारच्या माणसांत परिणाम सारखाच दिसला. हा मुद्दा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे वळू.

फिनलंड, अमेरिका, चेन्नई

एका प्रयोगावर शास्त्र थांबत नाही. फिनलंडमध्ये याक्को तुओमिलेहतो यांच्या नेतृत्वाखाली ५२२ स्थूल व्यक्तींवर प्रयोग झाला. २००१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: धोका ५८ टक्क्यांनी कमी. अमेरिकेत २७ केंद्रांवर ३,२३४ जणांना घेऊन तिहेरी तुलना झाली. एका गटाला वजन ७ टक्के घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम, दुसऱ्याला मेटफॉर्मिन हे औषध, तिसऱ्याला औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात जीवनशैलीने धोका ५८ टक्क्यांनी, तर औषधाने ३१ टक्क्यांनी घटला होता.

मात्र या दोन्ही प्रयोगांत आहार, वजन आणि व्यायाम एकत्र बांधलेले होते. अमेरिकी आकड्यांची पुढे छाननी झाली तेव्हा सर्वांत मोठा वाटा वजन घटण्याचा निघाला. दर एक किलोमागे धोका सुमारे १६ टक्क्यांनी कमी होत होता. ज्यांचे वजन ठरल्याइतके उतरले नाही, पण व्यायाम मात्र पुरता झाला, त्यांचाही धोका ४४ टक्क्यांनी कमी होता. पण सावधान, ही तुलना चिठ्ठीने केलेली नाही. ज्यांनी व्यायाम पुरा केला ते आपणहून केला, म्हणजे लंडनची विजार पुन्हा आली! केवळ व्यायामाला स्वतंत्र गट देणारा दाचिंगचा प्रयोग म्हणूनच आजही मोलाचा ठरतो.

भारतातील पहिला मोठा प्रयोग चेन्नईत ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी केला. ५३१ जण, तीन वर्षे, निष्कर्ष २००६ मध्ये. नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार व चालणे या गटात ३९.३ टक्क्यांना, मेटफॉर्मिनच्या गटात ४०.५ टक्क्यांना, आणि दोन्ही केलेल्या गटात ३९.५ टक्क्यांना. तीन वर्षांत ५५ टक्के हा आकडा पाहून थबकायला होते. अमेरिकेच्या निष्क्रिय गोळीच्या गटात तेवढ्याच काळात सुमारे २९ टक्के लोक उंबरठा ओलांडून गेले होते. आपल्याकडे ही वाटचाल बरीच वेगाने होते.

असे का, याचा एक धागा पुण्यात सापडतो. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा बीएमआय दोघांचा अगदी एकच, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाट्याला दोघे सारखे, पण आतले सामान वेगळे. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांवर याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात हाच सांगाडा जन्मापासून दिसला: वजन कमी, स्नायू कमी, पण त्या मानाने चरबी राखलेली. बारीक दिसणाऱ्या माणसालाही व्यायामाची गरज का आहे, ते यावरून समजते. त्याला उतरवण्यासारखे वजन फारसे नसते, पण वाढवण्यासारखा आणि वापरण्यासारखा स्नायू असतो.

एक दार, दोन घंटा

स्नायूत नेमके काय घडते? ग्लुकोज पेशीच्या पडद्यातून आपोआप आत शिरत नाही. त्याला आत घेणारे वाहक प्रथिन लागते. स्नायूतील मुख्य वाहक प्रथिन १९८८-८९ मध्ये ओळखले गेले. त्याचे नाव ग्लुट-४. एरवी हे वाहक पेशीच्या आत दडून असतात. इन्शुलिनचा निरोप आला की ते पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोजला वाट देतात. उंबरठ्यावरच्या माणसांत हा निरोप नीट पोचत नाही. याला इन्शुलिनविरोध म्हणतात.

स्नायूचे आकुंचन झाले तरी हेच वाहक पृष्ठभागावर येतात, पण वेगळ्या मार्गाने. १९९५ मध्ये एक निर्णायक प्रयोग झाला. इन्शुलिनचा निरोप अडवणारे एक रसायन स्नायूवर वापरले. इन्शुलिनचा परिणाम थांबला, तरीही आकुंचनाने वाहक वर आलेच. एका घराला दोन घंटा असाव्यात आणि पुढच्या दाराची बिघडली तरी मागच्या दाराची वाजावी, तसे हे आहे. शोव्होंच्या घोड्याने १८८७ मध्ये वाजवली ती हीच दुसरी घंटा.

शिवाय व्यायाम संपल्यावर रिकामे झालेले ग्लायकोजनचे कोठार भरून काढण्यासाठी स्नायू इन्शुलिनचे अधिक ऐकू लागतो. हा गुण एक-दोन दिवस टिकतो आणि मग ओसरतो. रविवारी चार तास चालून सोमवार ते शनिवार बसून राहण्यापेक्षा रोज थोडे चालावे, दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, या सल्ल्यामागे हे कारण आहे.

तीस वर्षांनंतर

दाचिंगचा प्रयोग १९९२ मध्ये थांबला आणि माणसे आपापल्या वाटेने गेली. संशोधकांनी मात्र त्यांचा माग सोडला नाही. वीस वर्षांनंतर पाहिले तर सल्ला मिळालेल्यांपैकी ८० टक्के आणि न मिळालेल्यांपैकी ९३ टक्के मधुमेही झालेले होते. हे वाचून कोणी म्हणेल की मग उपयोग काय झाला? उपयोग असा की, मधुमेह टळण्यापेक्षा लांबला. सरासरी साडेतीन-चार वर्षांनी. आणि ही साडेतीन-चार वर्षे पुढे फार मोलाची ठरली. २३ वर्षांच्या पाहणीत तुलनेच्या गटातील ३८.४ टक्के माणसे मरण पावली होती, तर सल्ला मिळालेल्यांतील २८.१ टक्के. ३० वर्षांचा हिशेब २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सल्ला मिळालेले सरासरी सुमारे दीड वर्ष अधिक जगले. या दीर्घ पाहणीत आहार व व्यायामाचे तिन्ही गट एकत्र धरले आहेत, म्हणून हा वाटा एकट्या व्यायामाचा असे म्हणता येत नाही.

आम्ही संशोधक हे आकडे वाचतो तेव्हा तुलनेच्या गटापाशी थोडे थांबतो. त्यांची चिठ्ठी तशी निघाली, एवढेच. त्यांना फसवले गेले नव्हते. व्यायाम उपयोगी पडतो की नाही हे १९८६ मध्ये खरोखरच कोणाला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसतानाच असा प्रयोग करणे योग्य ठरते. पण आज आपण जे खात्रीने सांगतो, ते त्यांच्यामुळे सांगू शकतो.

खात्री कुठवर?

या खात्रीलाही कुंपण आहे. वर सांगितलेल्या प्रयोगांतील माणसे मुख्यतः ग्लुकोज प्यायल्यानंतरच्या चाचणीवरून निवडलेली होती. आज अनेकांवर 'प्रीडायबेटिस'चा शिक्का उपाशीपोटीच्या साखरेवरून किंवा एचबीए१सीवरून बसतो. ही माणसे अंशतः वेगळी आहेत. फक्त उपाशीपोटीची साखर वाढलेल्यांना जीवनशैलीच्या बदलाचा फायदा तितका स्पष्ट दिसलेला नाही. केरळमध्ये १,००७ जणांवर झालेल्या प्रयोगात निवड प्रामुख्याने धोका मोजणाऱ्या प्रश्नावलीवरून केली होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षात मधुमेहाचे प्रमाण १७.१ टक्क्यांवरून १४.९ टक्क्यांवर आले, पण हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता. तेव्हा कोणत्या माणसांत पुरावा मिळाला, हे विसरून तो सगळ्यांना लावू नये. तसेच इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी व्यायाम डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख आणि उंबरठ्यावरचे सुमारे १३ कोटी ६० लाख आहेत. इतक्या लोकांना औषधे पुरवणे अवघड आहे. दाचिंगचे एकक मात्र कोणालाही परवडते.

शाळेपुरते बोलायचे तर जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची अंगमेहनत सुचवली आहे. अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी खेळाचा तास गणिताला देण्याची पद्धत अनेक शाळांत आहे. आमचाही तास असाच जाई आणि तेव्हा त्याचे काही वाटत नसे. दहावीच्या मुलाला मधुमेह कसा टाळावा हे शिकवायचे आणि त्याच आठवड्यात त्याचा खेळाचा तास काढून घ्यायचा, यातली विसंगती आता जाणवते.

वर्गात करण्यासारखा एक उपक्रम सुचवून लेख संपवतो. वर्तमानपत्रातून आरोग्याविषयीचे एखादे विधान निवडावे. अमुक खाल्ल्याने किंवा तमुक केल्याने आजार टळतो, असे. मग विद्यार्थ्यांनी चार प्रश्न विचारावेत. तुलनेला कोण होते? गट कोणी पाडले, चिठ्ठीने की माणसांनी स्वतः? शंभरातल्या किती जणांना फायदा झाला? आणि किती वर्षे पाहिले? उत्तरे बातमीत सापडली नाहीत, तर तसेही वहीत लिहून ठेवावे.